स्प्लेंडरचं इंजिन उतरवून मोटर बसवायची, तर

जुनी पेट्रोल गाडी इलेक्ट्रिक करायची म्हटलं की गप्पा मोटरपासून सुरू होतात. किती वॅटची घ्यावी, चाकातली घ्यावी की चेनवरची, टॉप स्पीड किती मिळेल. या सगळ्या खटाटोपात मोटर हा खरं तर सर्वांत कमी डोकेदुखीचा भाग आहे. पैसा जातो बॅटरीत, धोका असतो बॅटरीत, आणि सगळं जमून आलं तरी गाडी रस्त्यावर येणार की अंगणातच राहणार, हे आरटीओत ठरतं.

उदाहरणाला हिरोची स्प्लेंडर घेऊ. ती गावोगावी आहे, तिचा प्रत्येक नट कुठल्याही गॅरेजवाल्याला पाठ आहे, आणि आकडे सरळ आहेत: ९७.२ सीसीचं इंजिन, साधारण ८ हॉर्सपॉवर, ११० किलोच्या आसपास वजन, १८ इंची चाकं.

ताकद किती लागते

आठ हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ५.९ किलोवॅट. मग सहा किलोवॅटची मोटर घ्यायची का? गरज नाही. ही ताकद इंजिन देतं ते आठ हजार आरपीएमला, आणि स्प्लेंडर तेवढी पिळून चालवणारा माणूस विरळाच.

सपाट रस्त्यावर चालताना गाडीला दोनच गोष्टींशी झगडावं लागतं: टायरचं घर्षण आणि समोरून येणारी हवा. गाडी आणि एक माणूस मिळून दोनशे किलो धरले, तर ताशी ५० किलोमीटरला चाकावर साधारण १.३ किलोवॅट पुरतात. मोटर, तिला वीज मोजून देणारा कंट्रोलर आणि चेन यांतली गळती धरून बॅटरीतून १.६ किलोवॅट जातील. घरातल्या गिझरलाही यापेक्षा जास्त लागतात.

वेग वाढला की चित्र पालटतं, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. त्याच गाडीला ताशी ८० ला बॅटरीतून पाच किलोवॅटच्या वर लागतात. अंतरावर आणून सांगायचं, तर ताशी ४० ला किलोमीटरमागे सुमारे २४ वॅट-तास, ५० ला ३२, आणि ८० ला ६५. चाळीसवरून ऐंशीवर गेलात की एका किलोमीटरचा खर्च अडीचपटीच्या पुढे. पेट्रोल गाडीतही हवा तेवढीच आडवी येते. तिथे इंजिनच्या स्वतःच्या नासाडीत हा फरक बराचसा झाकला जातो.

ती नासाडी केवढी असते, तेही बघा. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे वीजबिलावरचंच, किलोवॅट-तास. स्प्लेंडर त्यावर ६० किलोमीटर जाते असं धरू. तेच ६० किलोमीटर मोटरने जायला बॅटरीतून दोन युनिटसुद्धा लागत नाहीत. उरलेली सात युनिटं इंजिनच्या पंख्यांतून आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जातात. पिलियनच्या पोटरीला सायलेन्सरचा चटका बसतो तो याच सात युनिटांचा.

घाटाचं गणित वेगळं, आणि तेही कठीण नाही. वाईहून पसरणी घाटाने पाचगणी गाठताना चढ सुमारे सहाशे मीटरचा. दोनशे किलो तेवढं वर न्यायला निव्वळ उंचीपायी ३३० वॅट-तासांच्या आसपास लागतात, शिवाय रस्त्याचा नेहमीचा खर्च आहेच. म्हणजे वाई ते पाचगणी या बारा-तेरा किलोमीटरला सपाटीवरच्या दुपटीहून जास्त वीज. उतरताना रीजनने, म्हणजे मोटरलाच जनरेटर करून, त्यातली काही परत मिळते. पण पाचगणीत मुक्काम करून सकाळी बॅटरी पूर्ण भरून उतरायला लागलात, तर ती परत घ्यायला जागाच नसते. अशा वेळी रीजन बंद पडतं आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. ज्याला घाट नेहमीचा आहे, त्याने हे आधीच लक्षात घ्यावं.

खरा खर्च: बॅटरी

बॅटरीची क्षमता काढायची तर व्होल्टला अँपिअर-तासाने गुणायचं. ७२ व्होल्ट, ४० अँपिअर-तास म्हणजे २,८८० वॅट-तास, जवळजवळ तीन युनिट. त्यातली ८५ टक्के वापरायची धरली, कारण बॅटरी रोज पार तळाला नेणं तिच्या आयुष्याला बरं नाही, तर वरच्या आकड्यांनी ताशी ४० ला शंभर किलोमीटर मिळतील, ५० ला पंचाहत्तर आणि ८० ला चाळीससुद्धा नाहीत. एवढ्याच बॅटरीवर कोणी दीडशे किलोमीटरची रेंज सांगत असेल, तर तो किलोमीटरमागे १९ वॅट-तास धरतोय. असा आकडा एकटा माणूस, सपाट रस्ता आणि सायकलपेक्षा थोडा जास्त वेग असला की येतो. तो खोटाच असतो असं नाही, पण तो तुमच्या रोजच्या रस्त्याचा नसतो.

बॅटरीच्या आत शेकडो छोटे किंवा वीस-चोवीस मोठे सेल असतात. दुचाकींमध्ये मुख्यतः दोन जाती दिसतात. एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेटवाले: एका सेलचे ३.२ व्होल्ट, वजनाला जड, पण तापण्याच्या बाबतीत सहनशील आणि जास्त टिकाऊ. एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टवाले: सेलमागे साधारण ३.६ व्होल्ट, तेवढ्याच विजेला वजन आणि जागा कमी, पण एकदा बिघडून पेटले की आवरायला कठीण. घरच्या कामाला माझं मत एलएफपीला. पाच-सात किलो जास्त भरले तरी चालतील. इंजिन काढल्यावर वीस-पंचवीस किलो तसेही उतरतात, भरल्या टाकीतल्या पेट्रोलचे सातेक किलोही जातात, त्यामुळे वजनाची वजाबाकी बहुतेक जुळते.

हे सेल एकापुढे एक, म्हणजे सीरिजमध्ये जोडलेले असतात. वारीतली दिंडी जशी सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पायाने चालते, तशी अशी बॅटरी तिच्यातल्या सर्वांत कमजोर सेलच्या ताकदीने चालते. तेवीस सेल भरलेले आणि एक रिकामा झालेला असेल, तर बॅटरी रिकामीच समजायची. न थांबता ओढत राहिलात तर तो एक सेल कायमचा मरतो, आणि नंतर चार्ज करताना तोच तापतो. हे होऊ नये म्हणून बॅटरीला बीएमएस, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम, जोडतात. प्रत्येक सेलच्या व्होल्टेजवर आणि पॅकच्या तापमानावर त्याची नजर असते, मर्यादा ओलांडली की तो प्रवाह तोडतो, आणि चार्ज होताना सगळ्या सेलना एका पातळीवर आणतो. चार्जरही जातीनुसार लागतो. चोवीस एलएफपी सेलच्या पॅकला ८७.६ व्होल्टचा, वीस एनएमसी सेलच्या पॅकला ८४ व्होल्टचा. दोन्ही पॅक बाजारात ‘७२ व्होल्ट’ याच नावाने विकले जातात. एकाचा चार्जर दुसऱ्याला लावणं हा घर पेटवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. बीएमएस वाचवेल म्हणाल, तर वाचवेलही. पण शेवटचं कुलूप म्हणून लावलेली वस्तू रोजची कडी म्हणून वापरू नये.

बाजारातल्या फसवणुकीचा मोठा भाग सेलमध्येच आहे. जुन्या पॅकमधून काढलेले सेल नवं आवरण चढवून ‘ए ग्रेड’ म्हणून विकले जातात. व्होल्टेज बघून हे कळत नाही, चार्ज केलेला मेलेला सेलही ऐटीत ३.३ दाखवतो. कळतं ते अंतर्गत रोध मोजून आणि पूर्ण भरून-रिकामा करून क्षमता तपासल्यावर. दुसरी चोरी पट्टीत असते. सेल जोडायला निकेलची पट्टी स्पॉट-वेल्डने लावतात. स्वस्त पट्टी आतून लोखंडाची आणि वरून निकेलचा मुलामा दिलेली निघते, ती जास्त प्रवाहाला तापते आणि पुढे गंजते. तपासणी घरच्या घरी होते. पट्टीचा तुकडा कापायचा, पॉलिश पेपरने दोन्ही बाजूंनी घासायचा, मिठाच्या पाण्यात टाकून एक-दोन दिवस विसरायचं. पाणी तांबूस झालं आणि ओरखड्यांत गंज धरला की मुलामा. खरं निकेल जसंच्या तसं राहतं. पॅक बांधून देणाऱ्याकडून एवढा तुकडा मागायला लाजू नका. तो देत नसेल तर तेही उत्तरच आहे.

उन्हाचं काय? बहुतेक लिथियम सेलवर चार्जिंगची वरची मर्यादा ४५ अंश लिहिलेली असते. चंद्रपूर, अकोला, नागपूरकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा तिथे पोचतो. गाडी दुपारभर उन्हात उभी करून आल्या आल्या चार्जिंगला लावली, तर आतले सेल हवेपेक्षाही गरम असतात. विदर्भात चार्जिंग रात्री किंवा पहाटे, आणि गाडी निवल्यावरच. त्यातही जिन्याखाली किंवा घराच्या एकमेव दरवाजापाशी नको. बॅटरीने पेट घेतला तर बाहेर पडायची वाट त्याच बाजूला असता कामा नये.

मोटर, आणि ती कुठे

दोन मार्ग आहेत. पहिला हब मोटरचा: मागचं चाकच काढायचं आणि मोटर आत असलेलं चाक बसवायचं. चेन नाही, स्प्रॉकेट नाही, काम दोन दिवसांचं. दुसरा मार्ग इंजिनच्या जागी मोटर बसवून मूळ चेन चालवण्याचा.

हब मोटर सोपी दिसते आणि बऱ्याच अंशी आहेही. अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे आस. साध्या चाकात आस नुसतं वजन पेलते. हब मोटरमध्ये चाकाला पुढे रेटणारी सगळी ताकद उलट दिशेने आसावर येते, आणि आस स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, खाचेत गरगर फिरायला बघते. नट सैल असला किंवा खाच झिजलेली असली की आस फिरते आणि पोकळ आसातून बाहेर आलेल्या मोटरच्या वायरी पिळवटून तुटतात. त्यांतल्या दोन जाड वायरी एकमेकींना चिकटल्या तर मागचं चाक चालत्या गाडीत जाम होऊ शकतं. म्हणून दोन्ही बाजूंना टॉर्क आर्म, म्हणजे आसाला घट्ट धरून स्विंगआर्मला बोल्टने आवळलेली जाड पोलादी पट्टी, लागतेच. दुकानदार ‘एक पुरे’ म्हणाला तरी दोन लावा.

दुसरी अडचण ब्रेकची, आणि ही फार जणांच्या ध्यानात येत नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस बंधनकारक आहे. त्यानंतरच्या ड्रमवाल्या स्प्लेंडरचं मागचं पेडल दाबलं की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. मागचं चाक बदललं की ती जोडणी तुटते किंवा तिचा तोल बिघडतो. शिवाय इंजिन गेलं की इंजिन ब्रेकिंगही गेलं. गाडी जलद पळवण्याच्या नादात ती थांबवायची कशी हा प्रश्न मागे पडतो.

चेनच्या मार्गात गुणोत्तर जुळवावं लागतं. स्प्लेंडरच्या मागच्या चाकाचा घेर सुमारे १.९४ मीटर. ताशी ६० म्हणजे मिनिटाला हजार मीटर, म्हणजे चाकाचे ५१५ फेरे. मोटर तीन हजार आरपीएमची असेल, तर मोटरचे साधारण पावणेसहा फेरे व्हावेत तेव्हा चाकाचा एक. मूळ चेन-स्प्रॉकेटचं गुणोत्तर तीनच्या आसपास असतं, कारण बाकीचं काम गिअरबॉक्स करतो. तेच स्प्रॉकेट ठेवलंत तर कागदावरचा वेग ११५ दिसेल. प्रत्यक्षात मोटर तिथे कधीच पोचणार नाही, आणि सिग्नलवरून निघताना गुरगुरत तापत राहील. मागे मोठं स्प्रॉकेट लावायचं किंवा मध्ये बेल्टचा एक टप्पा घ्यायचा. मेहनत जास्त आहे, वेल्डिंग आणि लेथचं काम आहे. पण चढावर अशी गाडी हबवाल्या गाडीला मागे टाकते आणि मागच्या चाकावर दहा-बारा किलोचं ओझं येत नसल्याने खड्ड्यांत कमी आपटते. आपल्या रस्त्यांवर हा फायदा छोटा नाही.

कंट्रोलर या सगळ्याचा मेंदू. बॅटरीची एका दिशेने वाहणारी वीज तो तीन वायरींमधून आळीपाळीने मोटरला देतो, आणि चुंबक नेमके कुठे आहेत हे मोटरमधल्या हॉल सेन्सरकडून ऐकतो. अॅक्सिलरेटरही हॉल सेन्सरवरच चालतो. मूठ सोडलेली असताना तो एक व्होल्टच्या आत-बाहेर सिग्नल देतो, पूर्ण पिळल्यावर चारच्या आसपास. त्याची ग्राउंडची बारीक वायर तुटली तर सिग्नल उसळून वर जाऊ शकतो आणि मूठ सोडूनही गाडी सुटते. चांगला कंट्रोलर हा बिघाड ओळखून बंद होतो, स्वस्तातला कदाचित होणार नाही. त्यामुळे दोन्ही ब्रेकना कट-ऑफ स्विच हवा, आणि हँडलवर अंगठ्याच्या टप्प्यात मोटर बंद करणारा लाल किल स्विच हवा. मागचं चाक हवेत ठेवून, मूठ अर्धी पिळलेली असताना अॅक्सिलरेटरची ती ग्राउंडची वायर सोडवून बघा. चाक थांबलं नाही तर तो कंट्रोलर परत करा.

हेडलाइट, हॉर्न, इंडिकेटर हे सगळं बारा व्होल्टवर चालतं. त्यासाठी ७२ चे १२ करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर लागतो. जुनी बारा व्होल्टची छोटी बॅटरीही राहू द्या, म्हणजे मुख्य पॅक अंधारात अचानक तुटला तरी दिवा जात नाही.

ठिणगी

पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर कंट्रोलरला जोडताना ‘टच्च’ असा फटाक्यासारखा आवाज होतो, निळसर ठिणगी उडते आणि कनेक्टरच्या पिनेवर काळा खड्डा पडतो. शॉर्ट झालं असं वाटून माणूस दचकतो. झालेलं असतं ते इतकंच की कंट्रोलरमधले वीज साठवणारे रिकामे कपॅसिटर एका क्षणात भरले गेले, आणि त्या क्षणात प्रचंड प्रवाह वाहिला. दहा-वीसदा असं झालं की पीन जळते, रोध वाढतो, चालत्या गाडीत कनेक्टर तापून वितळतो.

उपाय स्वस्त आहे. मुख्य जोडणीच्या आधी शंभर ओहमच्या आसपासचा, दहा वॅटचा रेझिस्टर मध्ये घालून दोन-तीन सेकंद कपॅसिटर हळू भरू द्यायचे आणि मग मुख्य कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारा मोठा स्विच, लावायचा. याला प्रीचार्ज म्हणतात. तयार किटमध्ये हे आतच असतं. सुटे भाग जमवणाऱ्यांकडून नेमकं हेच राहून जातं.

फ्यूज बॅटरीच्या तोंडाशी, पहिल्या वीतभर वायरीतच लावायचा. फ्यूजच्या अलीकडे जेवढी वायर, तेवढी बिनरखवालीची. आणि तो डीसीचाच असावा. घरातला एमसीबी इथे कामाचा नाही. घरची एसी वीज सेकंदाला शंभरदा शून्यावर येते आणि तुटतानाची ठिणगी आपोआप विझते. बॅटरीची वीज शून्यावर येतच नाही. एसीचा एमसीबी पडला तरी आतली ज्योत तशीच जळत राहू शकते.

भरलेल्या पॅकचे ८४-८७ व्होल्ट घामेजल्या हाताला झटका द्यायला पुरेसे आहेत. पण अशा पॅकमध्ये झटक्याइतकीच भीती शॉर्टची असते. पाना दोन टोकांवर पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पान्याचं टोक लाल होऊन चिकटतं. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवायचं, पान्यांच्या दांड्यांना इन्सुलेशन टेप गुंडाळायची, आणि एका वेळी एकच टोक उघडं ठेवायचं.

रिकामी झालेली चौकट

स्प्लेंडरची चौकट नळ्यांची, दुहेरी पाळण्याची. इंजिन त्या पाळण्यात बसलेलं असतं, त्यामुळे ते उतरवलं तरी चौकट अखंड राहते. सगळ्या गाड्यांचं तसं नसतं. डायमंड चौकटीच्या गाड्यांत, होंडाच्या शाइन-युनिकॉर्नसारख्या, खालची नळीच नसते. तिथे इंजिन हाच चौकटीचा एक दुवा असतो. तो काढून नुसती बॅटरीची पेटी टांगली तर ब्रेक मारताना पुढचा भाग लवतो. तिथे इंजिनच्या बोल्टांमध्ये तेवढीच मजबूत पोलादी जोडणी बांधावी लागते. हे काम अंदाजाने करायचं नाही.

बॅटरी मागवायच्या आधी पुठ्ठ्याची पेटी करा. पॅकचं माप पुठ्ठ्यात कापून, चिकटपट्टीने जोडून चौकटीत बसवून बघा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, मागचं शॉकअॅब्जॉर्बर दाबून बघा, पुढचं चाक खड्ड्यात वर येईल तेवढी जागा सोडा. निम्म्या लोकांना इथेच कळतं की वेबसाइटवर आवडलेला पॅक दोन इंचांनी बसत नाही. पॅकभोवती रबर हवं, पाणी जाईल अशी खालची फट नको, आणि पावसाळ्यात पुढच्या चाकाने उडवलेला चिखल थेट कनेक्टरवर येणार नाही असा पत्रा हवा.

आणि आता आरटीओ

इतकं सगळं नीट केलं तरी घरी सुट्या भागांतून बांधलेली ही गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीपुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. नियमांत बसणारं मान्यताप्राप्त रेट्रोफिट, म्हणजे जुन्या गाडीवर मंजूर किट बसवणं, हा त्याला असलेला अपवाद. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाहून मोठी भीती विम्याची. अपघात झाला आणि आरसीवर पेट्रोल, गाडीत बॅटरी असं निघालं, तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं निमित्त मिळतं, आणि समोरच्याची भरपाई तुमच्या खिशावर येऊ शकते.

‘अडीचशे वॅट आणि पंचवीस किलोमीटरच्या आत ठेवली की नोंदणीच लागत नाही’ ही पळवाटही कानावर येते. त्या सवलतीत तिसरी अट आहे: बॅटरी वगळून गाडीचं वजन ६० किलोपेक्षा जास्त नसावं. स्प्लेंडर त्यात बसत नाही.

कायदेशीर मार्ग एकच. एआयएस-१२३ या मानकाखाली तपासून मंजूर झालेलं किट, ते ज्या मॉडेलसाठी मंजूर आहे त्याच मॉडेलवर, किट बनवणाऱ्याने अधिकृत केलेल्या केंद्रात बसवून घ्यायचं. ही तपासणी पुण्याच्या एआरएआय किंवा मानेसरच्या आयकॅटसारख्या संस्था करतात. त्यानंतर आरटीओत अर्ज करायचा, गाडी दाखवायची, आरसीवर इंधन बदलून घ्यायचं, आणि मग हिरवी पाटी, पांढरी अक्षरं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती आधी. २०२१ साली ठाण्याच्या गोगोए१ कंपनीने स्प्लेंडरसाठी आरटीओमान्य किट ३५ हजारांना आणलं तेव्हा त्याची खूप चर्चा झाली. ती किंमत बॅटरीशिवायची होती, बॅटरी धरून आकडा लाखाच्या जवळ जात होता.

किट घेताना दुकानदाराकडून मंजुरीचं प्रमाणपत्र मागा आणि त्यात तुमच्या गाडीचं मॉडेल शोधा. ‘स्प्लेंडर’ एवढं पुरत नाही. प्लस, प्रो, आयस्मार्ट ही वेगवेगळी मॉडेलं आहेत. बॅटरीचं प्रमाणपत्र वेगळं मागा. २०२२ मध्ये स्कूटरी पेटल्याच्या घटनांनंतर दुचाकींच्या बॅटरीसाठीचं एआयएस-१५६ कडक झालं, आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. आधीच्या काळातला पडून राहिलेला माल स्वस्तात गळ्यात मारला जातो, म्हणून तारखाही बघा.

परवडतं का

पेट्रोल १०५ रुपये आणि वीज युनिटला दहा रुपये धरू. साठ किलोमीटरला पेट्रोलचे १०५, विजेचे चार्जरमधली गळती धरून बावीसेक. किलोमीटरमागे एक रुपया चाळीस पैसे वाचतात. रोज ३० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस चालवणाऱ्याचे साडेबारा हजार वाचतील, ऑइल आणि सर्व्हिसिंगचे धरून चौदा. नव्वद-पंचाण्णव हजार खर्च वसूल व्हायला साडेसहा-सात वर्षं. तोवर बॅटरी वयाने उतरू लागलेली असेल.

रोज शंभर किलोमीटर मारणाऱ्या डिलिव्हरीवाल्याचं गणित सव्वादोन वर्षांत जमतं. फक्त त्याला एका चार्जवर दिवस निघत नाही. दहा अँपिअरचा चार्जर ४० अँपिअर-तासाचा पॅक भरायला चार तासांहून जास्त घेतो, आणि दुपारी तेवढा वेळ सॉकेटपाशी बसायला त्याच्याकडे नसतो. बदलता येणारा दुसरा पॅक घ्यावा, तर खर्च पुन्हा वाढतो.

चौथ्या-पाचव्या सेमिस्टरच्या पोरांनी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, मागचं चाक स्टँडवर ठेवून, भंगारातल्या स्प्लेंडरवर हे सगळं जरूर करून बघावं. कंट्रोलरची वायरिंग हाताने केल्याशिवाय ती डोक्यात बसत नाही. ज्याला मात्र सकाळी नऊला कामावर पोचायचं आहे, त्याने चालू स्प्लेंडर विकून टाकावी. सेकंड हँड बाजारात तिला गिऱ्हाईक शोधत बसावं लागत नाही. त्या पैशात किटचे पैसे घातले, तर वॉरंटीसकट नवी इलेक्ट्रिक स्कूटर दारात येते. आणि इंजिन मरायला टेकलं असेल, पण गाडीवर जीव असेल, तर लाखाच्या किटआधी एकदा मेकॅनिकला इंजिन बोअर करून घ्यायचा खर्च विचारून घ्या.